शेजारच्या आंब्याच्या फांद्या माझ्या गुलाबांवर आल्यात, मुळंही वाफ्यात शिरलीत. मी तोडू शकतो का?

हद्दीच्या आत आलेली फांदी किंवा मूळ हा कायद्याच्या भाषेत उपद्रव, आणि तो आपल्या बाजूने दूर करता येतो. पण शहरात असाल तर लगेच कोयता उचलू नका! १९७५ च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण कायद्यात झाडाला इजा करणं हेही 'झाड तोडणं'च धरलंय. म्हणून आधी महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे छाटणीचा अर्ज द्या, सोबत फोटो जोडा. मुळांवर रसायन तर कधीच ओतू नका. झाड वाळलं तर उलट तुम्हीच अडकाल. तोडलेल्या फांदीवरचे आंबेही शेजाऱ्यांचेच, ते परत करा.

तक्रार नुसत्या सावलीची असेल तर मात्र हाती फारसं काही लागत नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात वीस वर्षांच्या वापराने उजेडाचा हक्क मिळतो तो इमारतीला, मोकळ्या बागेला नाही. मला हे मनापासून खटकतं, पण कायदा असाच आहे.

शेजारी ऐकतच नसतील तर वकिलामार्फत नोटीस आणि मग दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम व नुकसानभरपाईचा दावा. त्यासाठी मोजणी करून हद्द पक्की हवी. झाड पडून कुणाला इजा होईल अशा अवस्थेत असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

चार गुलाबांसाठी कोर्टात वर्षं घालवण्याआधी एकदा शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसून बोला, छाटणीचा खर्च अर्धा उचलायची तयारी दाखवा.