खांद्याचा दावा: ३६ महिने कधीपासून मोजायचे?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका वाचकाचं पत्र आहे. २०२३च्या ऑक्टोबरात त्यांनी फार्मसीत फ्लूची लस घेतली आणि त्याच रात्रीपासून उजवा खांदा दुखू लागला. एमआरआय झाला जून २०२४मध्ये. आता फार्मसीच्या विमा कंपनीचा माणूस 'थोडे पैसे घ्या आणि मिटवा' म्हणतोय. मिटवावं का, किती मिळतील, हे त्यांनी सविस्तर विचारलंय. शेवटी जाता जाता: 'मुदत जून २०२७पर्यंत आहे ना?'

नाही. अशा बहुतेक पत्रांत रक्कम आधी येते आणि तारीख तळाशी. पण तारीख हुकली तर रकमेबद्दल बोलायला काही उरतच नाही.

अमेरिकेत १९८६च्या लस-इजा कायद्याखाली सरकारी भरपाई योजना आहे; तिच्यात अर्ज करायचे ३६ महिने मोजतात ते पहिल्या लक्षणापासून. निदान कधी झालं, 'हे लशीमुळे' असं डॉक्टर कधी म्हणाले, याला मुदतीच्या हिशेबात किंमत नाही. २०११मध्ये फेडरल सर्किट या अपील न्यायालयाने हेच सांगितलं, आणि त्या खटल्यातल्या अर्जदार स्वतः डॉक्टर होत्या. त्यामुळे तुमची मुदत ऑक्टोबर २०२६मध्येच संपते. अपवादाने मुदत वाढू शकते, पण त्या भरवशावर एक आठवडाही घालवू नका.

'खरं दुखणं जानेवारीत सुरू झालं असं लिहू या,' असं कुणी सुचवेल. खोटं तर ते आहेच, शिवाय अंगाशी येईल. २१ मार्च २०१७पासून खांद्याची इजा योजनेच्या सरकारी तक्त्यात, म्हणजे लशींमुळे होणाऱ्या इजांच्या यादीत, आहे. लस घेतल्यापासून ४८ तासांच्या आत दुखणं सुरू झालं आणि तक्त्याच्या बाकी अटी बसल्या, तर कारण लसच असं धरून चालतात. दुखणं पुढे ढकललंत की तो आधार गेला. 'त्याच रात्री' हे दोन शब्द तुमचा दावा उभा करतात आणि तुमचं घड्याळही सुरू करतात. एक घ्यायचं आणि दुसरं टाळायचं, हे जमणार नाही.

आता तुमचा निष्काळजीपणा. दोन महिने बाम चोळत बसलात आणि डिसेंबरात डॉक्टरकडे गेलात तेव्हा लशीचं नावही काढलं नाहीत. नोंद काय झाली? 'खांदा काही आठवड्यांपासून दुखतो.' सरकारी वकील नेमकं हेच वाक्य वाचून दाखवतील. त्या रात्री कुणाला 'हात वर जात नाही' असा मेसेज केला असेल तर जपून ठेवा. घरच्यांची प्रतिज्ञापत्रंही लागतील.

विमा कंपनीच्या कागदावर सही करू नका. वाटाघाटींमुळे मुदत थांबत नाही, आणि १,००० डॉलरच्या वरच्या भरपाईसाठी लस देणाऱ्यावर खटला भरायचा तर आधी या योजनेत अर्ज करावाच लागतो. त्या सहीने योजनेचं दार बंद होईल का, हे कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

किती मिळेल? वेदनांसाठी कमाल मर्यादा २,५०,००० डॉलर आहे, पण तिच्याकडे बघून हिशेब मांडू नका. शस्त्रक्रिया झाली का, फिजिओथेरपी किती काळ चालली, उपचारांत खंड किती, यावर सगळं अवलंबून. वकिलाच्या फीच्या भीतीने थांबला असाल तर ऐका: फी न्यायालय वेगळी मंजूर करतं, तुमच्या भरपाईतून कापता येत नाही. निकालासाठी कायद्यात २४० दिवस लिहिलेत. प्रत्यक्षात वर्षं जातात, पण अर्ज वेळेत पडला असेल तर तो उशीर तुमच्या मुदतीत धरत नाहीत. कोविडची लस असती तर योजनाच वेगळी, आणि तिथे लस घेतल्यापासून एकच वर्ष.

आजच फार्मसीकडून लसीकरणाची नोंद मागवा आणि हाताचा रकाना वाचा. काही ठिकाणी तिथे सवयीने 'डावा' टाकून मोकळे होतात. तुमच्या नोंदीतही तसं असेल, तर वकिलाला पहिल्याच फोनवर सांगा.