पाकिटावर ‘दशमांश’ लिहायचं आणि आत कमी ठेवायचं, चालतं का?

प्रश्न : काका, वर्षाच्या सुरुवातीला आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) सगळ्यांनी उभं राहून वचन दिलं की उत्पन्नाचा दहावा भाग, म्हणजे दशमांश, देऊ. मीपण उभी राहिले, खरं सांगायचं तर सगळे उभे राहिले म्हणून. थोडे दिवस जमलं, मग कर्जाचे हप्ते वाढले, आता जमेल तेवढंच देते पण पाकिटावर अजून दशमांश असंच लिहिते. मागच्या रविवारी बायबलमधल्या हनन्या आणि सप्पीरा या नवराबायकोवर उपदेश झाला, तेव्हापासून झोप उडालीय. देव मला पण तशीच शिक्षा करेल का?

उत्तर : ताई, आधी ती गोष्टच नीट बघू, कारण लोकांच्या डोक्यात ‘कमी दिलं म्हणून मेले’ एवढंच राहतं आणि तसं तिथे लिहिलेलंच नाहीये. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा ५ वा अध्याय वाचायच्या आधी ४ थ्याचा शेवट वाचा, तिथे बर्णबा शेत विकून पैसे प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या निवडलेल्या शिष्यांच्या, पायाशी आणून ठेवतो आणि लगेच पुढे हे नवराबायको येतात, जमीन विकून काही पैसे मागे ठेवतात, उरलेले ‘सगळे’ म्हणून देतात आणि खोटं उघडं पडल्यावर दोघंही मरून पडतात. आपलंही तसंच कौतुक व्हावं असं त्यांना वाटलं असणार, हा माझा अंदाज हं, पण क्रम बघितला की तसंच वाटतं. आता त्या प्रेषितांमधला पेत्र काय म्हणतो बघा, जमीन विकायच्या आधी तुझीच होती ना, आणि विकल्यावर पैसेही तुझ्याच हातात होते ना? म्हणजे सगळं द्यायची सक्ती कुणीच केली नव्हती, अर्धं आणून ‘हे अर्धं आहे’ म्हटलं असतं तर पेत्राने काय म्हणायचं होतं? गुन्हा होता तो काही भागाला सगळं म्हणण्याचा. आणि सप्पीरा साधारण तीन तासांनी आली तेव्हा पेत्राने सरळ विचारलं, जमीन एवढ्यालाच विकली का, ‘नाही’ एवढा एक शब्द बोलायचा होता, तीही ‘हो, एवढ्यालाच’ म्हणाली.

आता तुमच्या भीतीबद्दल. हे विचारणारा पेत्र कोण, तर ज्याने प्रभू येशूला ओळखतच नाही असं तीनदा सांगितलं तोच, आणि प्रभूने त्याला परत जवळ केलं. पुढे ८ व्या अध्यायात जादूटोणा करणारा शिमोन पैसे देऊन पवित्र आत्म्याचा अधिकार विकत मागतो, पेत्र त्याला फाडून बोलतो पण लगेच पश्चात्ताप कर, प्रार्थना कर असंही सांगतो. म्हणून देव आता काय करेल याचा विचार करत रात्र काढू नका, तुम्ही स्वतःहून विचारताय, सप्पीराने नेमकं तेच केलं नाही.

करायचं काय, तर पुढच्या वेळी पाकिटावर दशमांश लिहू नका, ‘अर्पण’ लिहा, बस. वचनाचं मात्र सोडून देऊ नका, बायबलच्या ‘उपदेशक’ या पुस्तकाच्या ५ व्या अध्यायात नवस करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा असं स्पष्ट आहे, तेव्हा देवाला आणि जमलं तर पाळकांना सांगून टाका की मी बोलले ते झेपत नाहीये. बाकी सगळ्यांना उभं करून वचन घ्यायची पद्धत मला मुळातच पटत नाही, प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या ९ व्या अध्यायात म्हणतो ज्याने त्याने मनात ठरवलं तसं द्यावं, जबरदस्तीने नाही, आणि शेजारचा उभा राहिला म्हणून आपण उठायचं ही जबरदस्तीच झाली की. आधीच्या अध्यायात तोच म्हणतो, देणं मान्य होतं ते जवळ आहे त्याप्रमाणे, नाही त्याप्रमाणे नाही. हप्ते गेल्यावर जे उरतं ते तुमच्याजवळ ‘आहे’, त्यातून द्या.

प्रश्न : दहावा भाग टॅक्स कापायच्या आधीच्या पगारावर काढायचा की नंतरच्या?

उत्तर : भाऊ, बायबलमध्ये पगाराची स्लिप नाहीये. एक ठरवा आणि त्यावर राहा. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २३ व्या अध्यायात पुदिना, शेप, जिरं यांचासुद्धा दशमांश मोजून देणाऱ्यांना प्रभू म्हणाला न्याय, दया आणि विश्वासूपणा तुम्ही सोडलात, दशमांश सोडू नका पण आधी हे करायला हवं होतं. घरकामाला येणाऱ्या बाईचा पगार थकवून आपण दशमांश पूर्ण दिला तर तो पूर्ण झालाच नाही असं मी तरी समजतो.

प्रश्न : मंडळीत अर्पणाचा हिशोब विचारला की ‘तुमचा विश्वास कमी आहे’ असं ऐकवतात. विचारणं चूक आहे का?

उत्तर : अजिबात नाही, देणाऱ्याने खरं वागायचं आणि घेणाऱ्याने वही बंद ठेवायची असं कसं चालेल? यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा झाली तेव्हा पौलाने पैसे एकट्याच्या हातात ठेवले नाहीत, आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी दोन विश्वासू भाऊ पाठवले, त्यातला एक तर मंडळ्यांनी निवडलेला, आणि कारण पण लिहिलं की या मोठ्या रकमेवरून कुणी आम्हाला दोष लावू नये, प्रभूसमोरच नाही तर माणसांसमोरही सगळं चोख असावं. प्रेषिताला हे गरजेचं वाटलं तर आपल्या खजिनदारांना का वाटू नये! वर्षाचा जमाखर्च लेखी मागा, भांडून नको, आणि दोघंतिघं मिळून जा.