शिंपल्यांच्या ढिगाशेजारचा ‘दगड’

प्रश्न : खडकाळ किनाऱ्यालगत स्नॉर्केलिंग करताना एका कपारीसमोर रिकाम्या शिंपल्यांचा ढीग दिसला. मी निरखून पाहू लागताच शेजारचा शेवाळलेला ‘दगड’ एकाएकी पांढराफटक पडला आणि कपारीत शिरला. तो ऑक्टोपस असावा का? इतक्या झटपट त्याचा रंग कसा पालटतो? – एक वाचक

उत्तर : तो ऑक्टोपसच असणार, आणि याची खात्री रंगापेक्षाही त्या ढिगावरून पटते. पकडलेले खेकडे व शिंपले तो पुष्कळदा बिळात आणून खातो आणि कवचे दाराशी टाकतो. त्यांतल्या एखाद्या शिंपल्यावर बारीक भोकही दिसू शकते. घट्ट मिटलेला शिंपला ओढून उघडला नाही, तर ऑक्टोपस त्याला भोक पाडून आत विषारी लाळ सोडतो आणि शिंपला मिटून धरणारा स्नायू सैल पडतो. (काही समुद्री गोगलगायीही अशी भोके पाडतात, परंतु ती सहसा मोठी आणि रेखीव गोल असतात.)

ऑक्टोपसच्या त्वचेत रंगद्रव्याच्या असंख्य सूक्ष्म पिशव्या असतात. प्रत्येकीभोवती चाकाच्या आऱ्यांसारखे स्नायुतंतू असून त्यांना मेंदूकडून थेट आज्ञा मिळते. तंतू आकसले की पिशवी ताणली जाऊन रंग पसरतो. ते सैलावले की पिशवीचा नुसता ठिपका उरतो आणि खालचा, प्रकाश परतवणारा पांढरा थर उघडा पडतो. बिचकलेला ऑक्टोपस अनेकदा असाच फिका पडतो. हे सारे सेकंदाच्या आत घडते. सरड्याला याहून पुष्कळ वेळ लागतो, तरी रंग बदलण्याचा लौकिक आपल्या भाषेने त्यालाच दिला आहे! आपल्याला जे शेवाळ वाटले, ते बहुधा त्वचेवर स्नायूंनी उभारलेले उंचवटे असावेत. नवल असे की, बहुतेक ऑक्टोपसांच्या डोळ्यांत प्रकाश टिपणारे द्रव्य एकाच प्रकारचे असल्यामुळे आपल्यासारखी रंगदृष्टी त्यांना नसते.

कपारीत हात मात्र घालू नये. हिंदी आणि प्रशांत महासागरांत आढळणाऱ्या, निळ्या कड्यांच्या छोट्याशा ऑक्टोपसाचा दंश माणसाच्या जिवावर बेतू शकतो. पुन्हा असा ढीग दिसल्यास थोड्या अंतरावर, पाय न हलवता पाण्यावर तरंगत राहावे. काही मिनिटांत कपारीच्या तोंडाशी आधी एक डोळा वर येण्याची शक्यता असते.