पायवाटेसाठी निधी : आधी जमीन कोणाची ते पाहा

प्रश्न : मुलुंड पश्चिमेला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराच्या पायथ्याशी, आमच्या सोसायट्यांच्या मागून साधारण सव्वा किलोमीटरची जुनी पायवाट जाते. आम्ही ज्येष्ठ मंडळी सकाळी तिथे फिरायला जातो आणि वरच्या पाड्यातल्या बायका भाजीच्या टोपल्या घेऊन त्याच वाटेने बसथांब्यावर उतरतात. पावसाळ्यात वाट निसरडी होते. गेल्या जुलैत आमच्यातल्या एकाचा हात मोडला. ही वाट नीट बांधून घ्यायची तर निधी कोठून मिळेल आणि अर्ज कोणाकडे करावा?
(एक वाचक, मुलुंड पश्चिम)

उत्तर : आपल्या पत्रात निधीचा प्रश्न पहिला आहे, पण कार्यालयात आपल्याला पहिला प्रश्न विचारला जाईल तो जमिनीचा. डोंगरपायथ्याच्या अशा वाटेचा एक तुकडा पालिकेच्या उद्यानासाठी आरक्षित जागेतून, दुसरा एखाद्या सोसायटीच्या सोडलेल्या जागेतून आणि तिसरा वन विभागाच्या हद्दीतून जाणे अगदी शक्य आहे. पायाखाली वाट एकच असली तरी नकाशावर ती तीन मालकांची असते, आणि या तिघांपैकी एकाची संमती नसेल तर उरलेल्या दोघांची असूनही काम अडते. म्हणून सिटी सर्व्हे क्रमांक शोधून प्रत्येक भूखंडाचे मालमत्ता पत्रक काढा आणि पालिकेकडून विकास आराखड्याचा अभिप्राय, म्हणजे ती जागा आराखड्यात कशासाठी ठेवली आहे ते सांगणारे पत्र, घ्या. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू होतो, आणि उद्यानाभोवतीचे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र डिसेंबर २०१६ मध्ये अधिसूचित झालेले आहे. त्यामुळे हद्दीच्या भिंतीबाहेरचे कामही वन विभागाला न विचारता सुरू करू नका. आतल्या तुकड्यासाठी पर्याय एकच : तो वन विभागाने स्वतः करावा, यासाठी त्यांच्याकडे वेगळा अर्ज द्यावा.

आता पैशाकडे वळू. ‘पायवाट’ या नावाने अर्ज स्वीकारणारी खिडकी शोधण्यात वर्ष घालवू नये. आपले काम ‘सार्वजनिक सुविधा’ या व्यापक सदरात बसवायचे असते आणि त्यासाठी तीन दारे आहेत. आमदार स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी रुपये आहे. त्यातली कामे मुंबईत पालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा म्हाडाचे मुंबई झोपडपट्टी सुधार मंडळ यांच्यामार्फत होतात, आणि आपल्याकडे पाडा आहे, तेव्हा या मंडळाचे नाव ध्यानात ठेवा. खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजना डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाली आणि २०११-१२ पासून तिचीही मर्यादा वर्षाला ५ कोटीच आहे. लोकसभेचा सदस्य मुख्यतः आपल्या मतदारसंघात, राज्यसभेचा निवडून आलेला सदस्य राज्यात कोठेही आणि नामनिर्देशित सदस्य देशात कोठेही काम सुचवू शकतो. जुहूच्या इर्ला नाल्याकाठच्या चालण्याच्या वाटांना राज्यसभेचे तत्कालीन नामनिर्देशित सदस्य जावेद अख्तर यांच्या निधीची मदत झाली होती. तिसरे दार जिल्हा वार्षिक योजनेचे. पालकमंत्री तिच्या जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष असतात, आणि मुलुंड उपनगर जिल्ह्यात येत असल्यामुळे आपला कागद वांद्रे पूर्वेच्या जिल्हाधिकारी कार्यालयात जाईल.

एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. आमदार किंवा खासदार फक्त शिफारस करतात, मंजुरी प्रशासन देते. ‘साहेबांनी होकार दिला’ म्हणजे काम मंजूर झाले, असे समजून मिठाई वाटू नका. शिफारशीनंतर अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी आणि प्रशासकीय मंजुरी हा क्रम सुटत नाही. शिवाय आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि पावसात माती खणता येत नाही, म्हणजे हाताशी ऑक्टोबर ते मार्च एवढेच महिने राहतात. दिवाळीच्या आसपास शिफारस हवी असेल तर मोजणी आणि जमिनीचे कागद पावसाळ्यातच पुरे करा. पालिकेच्या अर्थसंकल्पात तरतूद हवी असल्यास तो फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मांडला जातो हे लक्षात ठेवून, विभाग कार्यालयात त्याआधी तीन-चार महिने पत्र पोहोचू द्या.

यापुढचे मी अनुभवावरून लिहितो. माझ्या वस्तीमागे एका लोकप्रतिनिधींच्या निधीतून सुमारे तीनशे मीटरची वाट झाली होती. उद्घाटनाचा नारळ फुटला, फलक लागला, आम्ही सगळे आनंदात होतो. दुसऱ्या पावसाळ्यात चेंबरच्या झाकणाशेजारचे पेव्हर ब्लॉक खचले आणि त्या खड्ड्यात इतके पाणी साचू लागले की शेजारच्या आजीबाई बांधलेली वाट सोडून कडेच्या चिखलातून जाऊ लागल्या. तक्रार घेऊन गेलो तेव्हा कळले की काम करणाऱ्या कार्यालयाने ती वाट देखभालीसाठी कोणाच्याही ताब्यात दिलेलीच नव्हती. फलकावर दात्याचे नाव होते, पण झाडू मारणाऱ्याचे नाव कोणत्याच नोंदवहीत नव्हते. खासदार निधीच्या नियमांत तर, मालमत्ता जी यंत्रणा वापरणार तिने देखभालीची हमी आधीच द्यावी, अशी अट आहे. ती अट केवळ शिक्क्यापुरती राहू देऊ नका. पालिकेच्या उद्यान खात्याचे किंवा विभाग कार्यालयाचे ‘काम पूर्ण होताच ताब्यात घेऊ’ असे लेखी पत्र प्रस्तावाला जोडा, आणि कंत्राटातील दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातले दोष कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याची मुदत, कोणत्या तारखेला संपतो ते आपल्या गटाच्या वहीत लिहून ठेवा.

आणखी एक विनंती आहे. हल्ली अशा प्रस्तावांना मलबार हिलच्या उन्नत पायवाटेचे छायाचित्र जोडण्याची पद्धत पडते आहे. मार्च २०२५ मध्ये खुली झालेली ती ४८५ मीटरची खांबांवरची वाट सुंदर आहे, पण आपल्या डोंगराला तिची गरज नाही. तुमच्याकडे माणसे पडतात ती पाणी वाटेवरून वाहते म्हणून. दर पंधरा-वीस पावलांवर पाणी बाजूला काढणारी दगडाची आडवी चर, चढावर रुंद दगडी पायऱ्या, सपाटीला दाबलेला मुरूम आणि एका बाजूला हाताला धरायला कठडा, एवढ्याने काम भागेल, आणि पाड्यातला गवंडीच ते दुरुस्तही करू शकेल. पदपथासाठी भारतीय रस्ते परिषदेने सांगितलेली किमान रुंदी १.८ मीटर आहे. जिथे झाड न तोडता ती मिळते तिथे ती राखा, म्हणजे टोपली घेऊन चढणारी बाई आणि काठी टेकत उतरणारे आजोबा एकमेकांना सुखाने ओलांडून जातील. अर्जावर सह्या घ्याल तेव्हा पाड्यातल्या बायकांच्या सह्या पहिल्या पानावर घ्या. आपण त्या वाटेने फिरायला जाता, त्या पोट भरायला जातात.

प्रश्न : आमच्या खाडीकाठी तिवरांच्या कडेने सायकल आणि चालण्याचा मार्ग व्हावा, असे आमच्या मंडळाला वाटते. एक लोकप्रतिनिधी निधी द्यायला तयार आहेत. लगेच सुरुवात करावी का?
(एक वाचक, चारकोप)

उत्तर : करू नये. तिवरे आणि त्यांच्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टा उच्च न्यायालयाच्या आदेशांनी संरक्षित आहे, आणि किनारी नियमन क्षेत्राची परवानगी त्याखेरीज लागते. पैसा तयार असणे म्हणजे काम कायदेशीर असणे नव्हे. पवई तलावाभोवतीच्या पालिकेच्या सायकल मार्गाचे काय झाले ते आठवा : पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांचा भंग होतो म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२२ रोजी ते काम बेकायदा ठरवले आणि झालेले बांधकाम काढून तलावकाठ पूर्ववत करण्यास सांगितले. आधी एकदा भराव घालण्याचा आणि मग तोच उपसण्याचा खर्च शेवटी जनतेच्याच पैशातून होतो. आपण प्रथम वन विभागाच्या कांदळवन कक्षाला भेटा. पट्ट्याबाहेर एखादा विद्यमान रस्ता असेल तर त्याच्या कडेला सावलीचा पदपथ मागणे शहाणपणाचे ठरेल.

प्रश्न : माझी बहीण अमेरिकेत राहते. तिच्या गावी अशा वाटांसाठी सरकार बहुतांश खर्च देते आणि उरलेला गावकरी श्रमदानाने भरून काढतात, असे ती सांगते. हे खरे आहे का?
(एक वाचक, दादर)

उत्तर : खरे आहे. १९९१ च्या कायद्याने तिथे मनोरंजनाच्या पायवाटांसाठी केंद्राचा कार्यक्रम सुरू झाला. रस्ता सोडून चालणाऱ्या वाहनांच्या इंधनावरील कर हा त्याचा आधार. केंद्राचा वाटा साधारण ८० टक्क्यांपर्यंत असतो आणि स्थानिकांच्या वाट्यात स्वयंसेवकांचे श्रम व साहित्यही रुपयांत, म्हणजे डॉलरांत, मोजता येते. आपल्याकडे श्रमदानाची परंपरा जुनी असली तरी आपण त्याचा हिशोब ठेवत नाही. तारीख, माणसे, तास आणि काय काम केले याची साधी वही ठेवा. अधिकाऱ्यापुढे ती उघडली की मंडळ देखभालीबाबत किती गंभीर आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

प्रश्न : गोरेगावची एक मोठी कंपनी आमच्या वस्तीतील उद्यानाबाहेरच्या वाटेसाठी सामाजिक उत्तरदायित्वाचा निधी देऊ म्हणते. मात्र दर पन्नास मीटरवर तिचे बोधचिन्ह आणि सकाळी एक तास फक्त तिच्या कर्मचाऱ्यांना प्रवेश, अशा तिच्या अटी आहेत. सोसायटीच्या नावे पैसे घ्यावेत का?
(एक वाचक, गोरेगाव पूर्व)

उत्तर : दुसरी अट सरळ नाकारा. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचे काम आणि जाहिरातीच्या लाभासाठी दिलेले प्रायोजकत्व या खर्चात धरले जात नाही. त्यामुळे या अटी खुद्द कंपनीच्याच हिताविरुद्ध आहेत, हे तिच्या अधिकाऱ्यांना शांतपणे दाखवून द्या. नावाचा एक फलक पुरे.

गृहनिर्माण सोसायटीच्या खात्यात पैसे घेऊ नका. कंपनी दुसऱ्या संस्थेमार्फत काम करणार असेल तर त्या संस्थेकडे आयकराची १२ए व ८०जी नोंदणी आणि १ एप्रिल २०२१ पासून आवश्यक झालेली सीएसआर-१ नोंदणी (सामाजिक उत्तरदायित्वाचा निधी घेऊन काम करणाऱ्या संस्थांची सरकारदरबारी नोंद) हवी. पालिका, कंपनी आणि संस्था असा तिघांचा करार करा. नियमांत ‘चालू प्रकल्प’ सुरुवातीचे वर्ष सोडून आणखी ३ वर्षे चालवता येतो. बहुतेक मंडळे पहिल्याच वर्षी सगळी रक्कम बांधकामात ओततात आणि ही सवलत वाया घालवतात. आपण बांधकाम थोडे आखूड करा आणि पुढच्या ३ पावसाळ्यांनंतरची चरांची सफाई, कठड्याचा रंग व माळ्याचा पगार आजच करारात रकमेसह लिहून घ्या.