जुन्या स्पोर्ट्स कारच्या गंजलेल्या फ्लोअरवर नुसता पॅच मारून चालेल का?

भोक लहान असेल आणि भोवतालचा पत्रा टणक असेल, तरच चालेल. एमजीबीसारख्या (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नसते, पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलते. म्हणून आधी कार्पेट काढून, स्क्रू ड्रायव्हरने टोचत, दाराखालच्या सिलपर्यंत (पत्र्याच्या लांब पोकळ पट्टीपर्यंत) गंज कुठवर पोहोचला आहे ते पाहावे. सिलही कुजली असेल, तर कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडवा आधार वेल्ड करणे अत्यावश्यक आहे, कारण उघड्या टपाची गाडी मधोमध खचते आणि मग दार बसत नाही. वेल्डिंगपूर्वी बॅटरी काढावी, पेट्रोलची नळी दूर करावी. साधारण १ मिलिमीटर जाडीचा नवा पत्रा चकचकीत धातूवरच, थोडे थोडे टाके घालत जोडावा. सांध्यांना सीम सीलर (फटी बुजवणारा लेप) आणि पोकळ्यांत मेण हवेच. फायबरग्लास मात्र अजिबात थापू नये.