दक्षिण जॉर्जिया की थेट अंटार्क्टिका?

प्रश्न : मी ६४ वर्षांची निवृत्त परिचारिका, यजमान ६८ चे. दोघांनाही पक्षी बघायचा नाद. अर्जेंटिनातल्या उश्वाया बंदरातून निघणाऱ्या दोन सफरी पाहिल्या आहेत. एक फक्त अंटार्क्टिकाची, दहा-अकरा दिवसांची. दुसरी दक्षिण अटलांटिकमधली फॉकलंड आणि दक्षिण जॉर्जिया बेटं करून पुढे अंटार्क्टिकाला जाणारी. दिवस आणि खर्च जवळपास दुप्पट. माझे गुडघे कुरकुरतात. कोणती निवडावी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, पक्ष्यांचा नाद आहे म्हणता, मग दुसरी. पैसे जमवायला आणखी एखादं वर्ष थांबावं लागलं तरी थांबा, पण दक्षिण जॉर्जिया सोडू नका.

तिथल्या सेंट अँड्र्यूज उपसागरात किंग पेंग्विनच्या सुमारे दीड लाख जोड्या आहेत. बोट किनाऱ्याला लागायच्या आधीच त्यांचा गलका ऐकू येतो आणि वासही येतो. या पेंग्विनचं एक पिल्लू वाढवायला वर्षाहून जास्त काळ जातो, त्यामुळे कोणत्याही महिन्यात गेलात तरी तपकिरी लोकरीत गुरफटलेली पिल्लं भेटतात. आणि समुद्रावरचे दिवस केबिनमध्ये झोपून घालवू नका. जहाजाच्या मागच्या डेकवर उभ्या राहा. पंखांचा पसारा साडेतीन मीटरपर्यंत भरणारा वाँडरिंग अल्बट्रॉस हा समुद्रपक्षी पंख न हलवता जहाजामागे येत राहतो. तो बघताना मला जेवणाची घंटा ऐकू आलेली नाही.

माझा जीव मात्र जडलाय तो चिमणीएवढ्या पिपिटवर. जगातला सर्वांत दक्षिणेकडचा गाणारा पक्षी, आणि फक्त याच बेटावरचा. सील आणि व्हेल मारणाऱ्यांच्या जहाजांतून उंदीर आले, त्यांनी जमिनीवरची घरटी खाल्ली आणि पिपिट उंदीर नसलेल्या कोपऱ्यांपुरता उरला. २०११ ते २०१५ या काळात हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकलं गेलं. २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं आणि पिपिट पुन्हा पसरला. म्हणूनच उतरण्याआधी तुमच्या बुटांचे तळवे, बॅगेचे खिसे, जाकिटाच्या चिकटपट्ट्या कसून तपासतात. एक कुसळही चालत नाही. ती तपासणी मनापासून करून घ्या. घरून निघतानाच सगळं धुऊन, ब्रशने घासून न्या.

याच बेटावरच्या ग्रिटविकेन इथे १९०४ मध्ये व्हेल कापण्याचा कारखाना सुरू झाला. १९६५ पर्यंत या बेटावर पावणेदोन लाखांच्या आसपास व्हेल मारले गेले. गंजलेल्या तेलाच्या टाक्या अजून उभ्या आहेत. जवळच्या छोट्या दफनभूमीत अंटार्क्टिकाच्या मोहिमा काढणारे अर्नेस्ट शॅकल्टन आहेत. १९१६ साली उघड्या होडीतून सुमारे तेराशे किलोमीटर समुद्र कापून ते याच बेटावर मदत मागायला आले होते. तिथे घाई करू नका.

आता गुडघे. जहाजाच्या कडेच्या जिन्याने उतरून रबरी बोटीत बसायचं असतं. खलाशी मनगट नव्हे, कोपराखालचा हात पकडतात; तुम्हीही तसाच पकडा. किनाऱ्यावर बोटीच्या फुगीर कडेवरून पाय फिरवून घोटाभर पाण्यात उतरायचं, पुढे गोट्यांवरून चालायचं. आतापासून रोज ओट्यावर बसून पाय एका बाजूने दुसरीकडे फिरवा आणि हात न टेकता खुर्चीतून उठा. हे जमत असेल तर डोंगर चढायची गरज नाही. पेंग्विन किनाऱ्यावरच असतात. डिसेंबर टाळा, तेव्हा फर सीलचे नर किनारे अडवून बसतात आणि काही ठिकाणी उतरताच येत नाही.

जहाज निवडताना जेवणाची चौकशी नंतर, आधी प्रवासीसंख्या विचारा. अंटार्क्टिकात एका ठिकाणी एका वेळी शंभरच प्रवासी उतरू शकतात आणि पाचशेहून जास्त प्रवाशांच्या जहाजातून कुणालाच उतरता येत नाही. दोनशे जण असतील तर निम्मा वेळ तुम्ही डेकवरून बघणार. शंभरच्या आसपासचं जहाज महाग पडलं तरी तेच घ्या. आणखी एक : दक्षिण जॉर्जियावर विमानाची धावपट्टी नाही. आजारी माणसाला तिथून हलवण्याचा खर्च विम्यात आहे का, हे लेखी घ्या. वारा सुटला की कप्तान ठरलेला किनारा रद्द करतो; त्याच्याशी वाद घालू नका.

प्रश्न : अशा सफरीत भारताचं अंटार्क्टिकातलं ‘मैत्री’ संशोधन केंद्र दिसतं का?
– विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : नाही. उश्वायाची जहाजं अंटार्क्टिकाच्या द्वीपकल्पाकडे जातात. ‘मैत्री’ आणि २०१२ पासूनचं ‘भारती’ ही दोन्ही केंद्रं पूर्व अंटार्क्टिकात, तिथून हजारो किलोमीटर दूर. भारताची पहिली मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये सागरशास्त्रज्ञ डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली गोव्याहून निघाली होती, आणि आजही मोहिमांचा कारभार वास्कोतल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतो. शास्त्रज्ञांबरोबर डॉक्टर, स्वयंपाकी, यंत्रं सांभाळणारे असेही लोक जातात. तुला तिकडे जायचं असेल तर या केंद्राच्या जाहिरातींवर लक्ष ठेव.