एफ कॉर्ड आणि आजीचा हरिपाठ

"मॅडम, हौसेने गिटार घेतली पण प्रॅक्टिस होतच नाही, मी कशातच टिकत नाही." २०२० च्या लॉकडाऊननंतर हे समुपदेशनाला येणाऱ्या इतक्या जणांकडून ऐकलंय की आज लिहायलाच बसले. एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

चाळिशीतला माणूस, रोजची डोंबिवली लोकल, झोप कमी, चिडचिड जास्त. गिटार कपाटावर, कव्हरमध्ये. मी विचारलं, "हातात घेतली की पहिलं काय वाजवता?"

"एफ. जमतोय का बघतो, जमत नाही, ठेवून देतो."

आता कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले सूर, आणि एफच्या बारे कॉर्डला पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबावं लागतं, भल्याभल्यांना त्याला महिने लागतात. म्हणजे दमूनभागून घरी यायचं, स्वतःची परीक्षा घ्यायची, स्वतःलाच नापास करायचं आणि झोपायचं.

चार भेटी यातच गेल्या. मग एकदा विचारलं, घरात रोज न चुकता काही करणारं कोणी होतं का?

"आजी. दिवेलागणीला हरिपाठ म्हणायची."

"सुरात?"

"छे हो, अजिबात नाही!" पहिल्यांदाच हसला.

"मग सोडून का नाही दिला तिने?"

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग हळूच म्हणाला, "तिला कुठे जमवायचं होतं मॅडम, तिला म्हणायचं होतं."

मी पेन खाली ठेवलं. हेच मी सांगितलं असतं तर त्याने मान डोलावली असती आणि डोंबिवली येईपर्यंत विसरला असता. 'असं झालंच पाहिजे' हा हट्टच माणसाला त्रास देतो असं सांगणाऱ्या मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसना मी मानणारी, त्यामुळे माझा कान कायम त्या 'च' वर असतो, आलंच पाहिजे, जमलंच पाहिजे, आणि तो 'च' त्याचा त्यानेच काढला याचा मला आजही फार आनंद आहे.

पुढचं सोपं होतं. गिटार कव्हरमधून काढून सोफ्याशेजारी ठेवायची. रविवारी दोन तास बसण्यापेक्षा रोज दहा-पंधरा मिनिटं, आधी ट्यूनरवर तारा लावायच्या, मग दोन बोटांचा सोपा ई मायनर कॉर्ड, नुसता ऐकत राहायचा, एफला हात लावायचा तो शेवटी आणि मन झालं तरच. बोटांची टोकं सुरुवातीला दुखतात, काही आठवड्यांत कातडी घट्ट होते. मनगट दुखलं किंवा मुंग्या आल्या तर मात्र थांबा. दिवस चुकला तर चुकला, उद्या पुन्हा. आणि हे महत्त्वाचं, दोन आठवडे झोप-भूक उडालीय, कशातच मन लागत नाही असं असेल तर गिटारवर विसंबू नका, डॉक्टरांना भेटा.

तीन महिन्यांनी त्याने क्लिप पाठवली. एफ अजून खरखरतोय. मधेच मुलगी विचारते, "बाबा, जेवायला येताय ना?" आणि हा म्हणतो, "थांब गं, एवढं होऊ दे."